जनुकांची नोंदवही आणि सरावलीचे मूल

तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर राबणाऱ्या सरावलीतील कामगाराचे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर त्याला प्रथम निदान आणि मदत हवी असते. स्वमग्नतेशी निगडित जनुकांची नोंदवही त्याला परकीच वाटणार. तथापि या दोहोंचा संबंध कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अशी नोंदवही ही केवळ नावांची जंत्री नसते. जाणकार जगभरचे शोधनिबंध वाचतात, पुरावा तोलतात आणि त्याच्या बळानुसार प्रत्येक जनुकाला श्रेणी देतात; नवा पुरावा आला की ती बदलते. शर्मिला बॅनर्जी-बसू व सहकाऱ्यांनी अमेरिकेत उभारलेल्या ‘ऑटडीबी’वरील निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला, सिमन्स प्रतिष्ठानाची ‘सफारी जीन’ तिच्याच पायावर उभी राहिली. 2020 साली 35 हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासातून 102 जनुके पुढे आली. हे कष्टाचे काम मोलाचे आहे, यात शंका नाही.

परंतु हा पुरावा आला कोणाच्या रक्तातून? बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या. जनुकातील एखादा बदल निरुपद्रवी की विकाराशी निगडित, हे ठरविताना तो त्या समाजात किती विरळ आहे हे पाहावे लागते. तुलनेला माहितीच नसेल, तर वारली मुलात आढळलेला बदल ‘अर्थ अनिश्चित’ या शेऱ्यावरच थांबण्याचा संभव अधिक. जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झालेली ‘जिनोम इंडिया’ची सुमारे 10 हजार भारतीयांची माहिती ही उणीव काही अंशी भरून काढील, पण ती निरोगी व्यक्तींची आहे. स्वमग्न मुलांची नोंद वेगळीच करावी लागेल.

आणि निदानावाचून नोंद नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरलाच झाला. त्याच्या तपासणीयादीत स्वमग्नताही आहे. अंगणवाडीतील ही तपासणी नेमाने होते काय, पुढे जिल्ह्यातच निदान व वाचा-उपचार मिळतात काय, हे आपण विचारले पाहिजे.

ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे. ती धनिकांच्या दानतीवर सोडता येणार नाही. सार्वजनिक पैशातून भारतीय नोंदवही उभी राहावी. तीत पालकांची संमती व गुप्तता यांची हमी असावी. मात्र ज्याचे रक्त घेतले, त्या मुलाच्या दारी सेवाही पोचली पाहिजे. एरवी कच्चा माल गरिबाचा आणि पक्का माल दुसऱ्याचा, हा जुनाच व्यापार विज्ञानाच्या नावाने चालू राहील.