तारेला किती झेपते?

मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने शहापूरकडे निघालो, की पडघ्याच्या आसपास विजेचे अजस्र मनोरे दिसू लागतात. पुढे मुरबाडकडे वळलो तरी ते अधूनमधून डोकावतातच. बरोबरच्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास विचारतो, “एवढ्या तारा असताना वीज जाते कशी हो?” प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही.

शहापूर तालुक्यातले तानसा-भातशाचे पाणी मुंबईला जाते. तिथे चावी फिरवून एका नळाचे पाणी दुसरीकडे वळवता येते. वीज असे ऐकत नाही. अडथळा कमी त्या वाटेने ती अधिक धावते. मग एक वाहिनी तुडुंब भरते, शेजारची अर्धी रिकामी राहते. सगळ्या वाहिन्यांची ताकद कागदावर मांडून केलेली बेरीज म्हणूनच फसवी.

त्यात तारेचा स्वभाव. भार वाढला की ती तापते, तापली की लांबते, आणि तिचा झोळ खाली झाडांच्या शेंड्यांकडे उतरतो. वैशाखात, वारा पडलेल्या दुपारी मुरबाडच्या माळावर जे झेपत नाही, ते पौषातल्या पहाटे सहज झेपते. लांबच्या पल्ल्यावर तर तार तापण्याआधीच दाब ढासळतो, किंवा दूरदूरच्या जनित्रांचा ताल सुटतो. यांतली जी मर्यादा आधी आडवी येईल, ती मानायची.

एवढे झाल्यावर इंजिनियर मंडळी मुद्दाम अभद्र कल्पना करतात : सर्वांत मोठी वाहिनी आत्ताच बंद पडली तर? समजा, ५०० मेगावॅटच्या दोनच वाहिन्या आहेत. तर हजार पाठवायचे नाहीत; ५०० वरच थांबायचे, कारण एक गेली की सारा भार दुसरीवर. पाहणाऱ्याला वाटावे, निम्मी तार फुकट टांगली आहे! गरजवंताला तर ती फारच मोहात पाडते.

जुलै २०१२ मध्ये बीना-ग्वाल्हेर मार्गावरच्या जोडीतली एक वाहिनी कामासाठी बंद होती. उरलेलीवर भार फार झाला, ३० तारखेला ती सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा पूर्व आणि ईशान्य भारतही सोबत गेला.

आपल्या दाराशीही हे घडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे-कळवा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, राहिलेल्या वाटांवर ताण आला, आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. संकटात मुंबईला बाकी जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवण्याची योजना होती. तीही त्या दिवशी टिकली नाही.

पुढे २०२३ साली खारघर-विक्रोळी ही नवी वाहिनी आली. वाट वाढली खरी. पण वाहिनी नवी जोडली काय किंवा दुरुस्तीला काढली काय, आकडा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो. दुरुस्तीच्या दिवशी तर तो खाली आणावा लागतो, मग शहराची मागणी कितीही असो.