नेम मोडला म्हणजे भक्ती मोडली का?

सणवार जवळ आले, की तुमच्या पत्रांचा ढीग वाढतो. कुणाला पुरणपोळी लाटताना का फुटते ते हवं असतं, कुणाला उद्यापनाला सवाष्णी किती सांगाव्यात ते. या खेपेला मात्र एक पत्र असं आलं, की त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना. पत्र पाचाडचं आहे, म्हणजे रायगडाच्या पायथ्याच्या गावाचं.

ही आपली भगिनी वणव्याच्या हंगामात वनखात्याकडे रोजंदारीवर काम करते. यजमान महाडच्या एमआयडीसीत कामाला, घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. गेल्या होळीला संध्याकाळी पुरण शिजत असताना वरच्या अंगाला धूर दिसला. गॅस बंद करून ती तशीच निघाली. परतली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. होम पेटून गेला होता, नैवेद्य शेजारणीच्या हातून गेला होता. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, की ज्या घरची सून होळीला नैवेद्य दाखवत नाही, त्या घराची राखण देवानं का करावी? आता हंगाम पुन्हा तोंडावर आला आहे. सोमवार धड होत नाहीत, चतुर्थीला चंद्रोदयाला मी घरात नसते, माझी श्रद्धा कमी पडते का, हे काम सोडून द्यावं का, असं तिनं विचारलं आहे.

बाई ग, तुझा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. दवाखान्यातली नर्स, एसटीतली कंडक्टर, सणाच्या दिवशी पोळपाट-लाटणं घेऊन दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाणारी बाई, या सगळ्यांचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे काम काय आहे, ते शहरातल्या मैत्रिणींना सांगायला हवं. आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम धरतात तो 15 फेब्रुवारी ते 15 जून. थंडी सरली, की सह्याद्रीच्या उतारावरचं कमरेएवढं गवत वाळून कोळ होतं, पानझडीच्या झाडांखाली पाचोळ्याचा थर साचतो. तिथं ठिणगी पडली, की आग चढणीच्या दिशेनं धावत सुटते. ती अडवण्यासाठी आधीच गवत-पाचोळा काढून रुंद पट्टे मोकळे करतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. त्या काढायच्या, साफ ठेवायच्या, डोंगरावर नजर ठेवायची, धूर दिसला की वनरक्षकाला कळवायचं आणि हिरव्या डहाळ्या घेऊन सगळ्यांबरोबर आग झोडपायची. हल्ली उपग्रहावरून आगीची खबर वनखात्याच्या मोबाइलवर येते, पाचोळा उडवायला यंत्रंही आली आहेत. पण खबर आली तरी चढण पायांनीच चढावी लागते.

आणि वणवा आपोआप क्वचितच लागतो. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजतात, त्याची ठिणगी जाते. गवत चांगलं फुटेल म्हणून कुणी माळ पेटवतो. कुणी मधाच्या पोळ्याला धूर देतो, कुणी विडीचं थोटूक टाकतो. टिटवीसारखा पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. आग आली, की त्याला पळवायला काही उरत नाही.

आता पंचांग काढून बघा. या चार महिन्यांत काय काय येतं? बहुतेक वर्षी महाशिवरात्र, मग महाडच्या वीरेश्वराचा छबिना, जिथं गावोगावच्या देवांच्या पालख्या भेटीला येतात. मग शिमगा, पाडवा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, रामनवमी, अक्षय्य तृतीया. शेवटी ज्येष्ठात एकीकडे गडावर राज्याभिषेकाचा सोहळा, दुसरीकडे वटपौर्णिमा. कोकणातल्या बाईच्या ओटीत पडणारे निम्मे सण वणव्याच्या हंगामातच येतात! म्हणजे चुकलंय ते तुझं नाही. दोन पंचांगं एकावर एक आली आहेत, इतकंच.

मग शास्त्राचं काय? आपल्या व्रतांनी माणसाची अडचण नेहमीच ओळखली आहे. वटसावित्रीचंच घ्या. हे व्रत मुळात त्रयोदशीपासून तीन दिवसांचं. ज्यांना तीन दिवस झेपत नाही त्यांनी पौर्णिमेचा एक दिवस करावा, अशी सोय झाली, आणि आज आपण बहुतेकजणी तो एकच दिवस करतो. त्यानं कुणाचं सौभाग्य उणं झालं? आजारी, गरोदर, प्रवासातल्या बाईला उपासाची सूट आपल्या आज्या-पणज्याही देत आल्या. सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, पंढरीनाथच अरणला त्यांच्या मळ्यात आले, असं आपण भक्तिभावानं सांगतो. तीच गोष्ट घरच्या सुनेवर आली, की मात्र आपल्या तोंडाला कुलूप!

तुमच्या डोक्यावर जो गड आहे, त्याचीच गोष्ट घ्या. हिरकणीची कथा आपण मुलांना आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती गडावर कशाला गेली होती? दूध घालायला. कामावर गेलेली, कामात उशीर झालेली आणि दरवाजे बंद झाल्यामुळे अडकलेली बाई होती ती. घरी तान्हं मूल टाकून गडावर का गेलीस, असं त्या कथेत तिला कुणी विचारत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. श्रद्धा कमी पडलेली नाही. पण नेम मात्र नव्यानं बांधायला हवा, कारण रोज मोडणारा नेम मनाला खात राहतो. दहा गोष्टी अर्धवट करण्यापेक्षा एकच लहानशी गोष्ट धर. पहाटे निघताना देवापुढं दिवा, किंवा चढणीला लागताना गडावरच्या शिर्काईचं नाव. मिनिटभराचं असावं, पण चुकू नये. बाकीचं पावसाळ्यासाठी राखून ठेव. हंगाम संपल्यावर श्रावण येतोच आहे, सगळे सोमवार तेव्हा मनसोक्त कर.

पालखीचं दुःख मात्र नुसत्या समजुतीनं जाणार नाही, हे मला कळतं. दारात पालखी आली आणि आपण नाही, ही हुरहूर कोकणातल्या बाईलाच ठाऊक. त्याला उपाय एकच. पालखी आपल्या आळीत कोणत्या दिवशी यायची, ते गावच्या मानकऱ्यांकडून आधी विचारून घे आणि त्या दिवसाची सुट्टी पंधरा दिवस अगोदर माग. सोबतिणीशी दिवस बदलून घे. तरीही एखाद्या वर्षी चुकेल. चुकली तर ओटी सासूबाईंच्या हातून भरली जाऊ दे, आणि तू परतल्यावर देवळात जाऊन नमस्कार कर.

आता उपासाबद्दल. इथं मी जरा कडक बोलणार आहे. मार्च ते मे या काळात डोंगरावर निर्जळ उपास करायचा नाही. अजिबात नाही. अंगातलं पाणी-मीठ घामानं जातं, वर आगीची धग, त्यात पोट रिकामं. चक्कर आली ती उतारावर, तर पुढचं बोलायलाच नको. उपास करायचाच असेल तर असा करा:

निघण्यापूर्वी वरीच्या तांदळाचा मऊ भात आणि ताक घ्यावं. बरोबर राजगिऱ्याचे किंवा दाण्याचे लाडू आणि दोन केळी असावीत. साबुदाण्याची तळकट खिचडी टाळा, तहान वाढते. पाणी निदान तीन लिटर न्यावं. कोकमाचं सरबत मीठ घालून न्यावं. उपासाला साधं मीठ चालत नसेल तर शेंदेलोण घाला. गळून गेल्यासारखं वाटलं, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट प्यावं. घाम यायचा थांबला, अंग तापलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तो उन्हाचा झटका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट, जी बायका पत्रातही लिहायला लाजतात. डोंगरावर आडोसा नसतो, म्हणून पाणीच प्यायचं नाही, असं पुष्कळजणी करतात. त्यानं लघवीला जळजळ, ताप, पुढं मूत्रपिंडाला त्रास. दोघी-तिघी मिळून जा, एकीनं पहारा द्यावा, जुनी साडी आडोशाला धरावी. पण पाणी तोडू नका.

कपडे सुतीच हवेत. नायलॉन-टेरिलिनची साडी किंवा ओढणी आगीजवळ वितळून अंगाला चिकटते. पूर्ण बाह्या, पायात बंद बूट, तोंडाला ओलं फडकं. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर आत, कपड्याखाली घट्ट राहू द्या. काचेचा चुडा मात्र घरी उतरवून ठेवा, हातात एकेक बांगडी पुरे. आणि आगीच्या वरच्या अंगाला, चढणीवर, कधीही एकटीनं उभं राहू नका. आग माणसापेक्षा लवकर डोंगर चढते.

पैशाचंही सांगते. हंगामी काम म्हणजे पावसाबरोबर थांबणारं काम. मजुरी हातात पडेल तसा त्यातला थोडा भाग पोस्टातल्या बचत खात्यात टाक; आगोटीची बेगमी त्यातून व्हावी. बँकेत किंवा पोस्टात खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून दे. वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण, वय 18 ते 70. मुदत 1 जून ते 31 मे असते. म्हणजे खात्यात मेअखेर पैसे आहेत ना, तेवढं बघावं.

आता सासूबाईंशी दोन शब्द. वहिनी, तुमचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही जपलेला कुळाचार पुढं कोण चालवणार, ही भीती तुमच्या रागामागं आहे. पण होळीचा नैवेद्य त्या रात्री शेजारच्या हातून का जावा? तुमच्या हातून जाऊ द्या. आणि मुलगा घरी असेल, तर त्याच्या हातून गेला तरी देव परत पाठवणार नाही. देव घराची राखण का करील, असं तुम्ही म्हणालात. त्या संध्याकाळी वरून उतरणारी आग तुमच्या गोठ्यापर्यंत, पेंढ्याच्या उडवीपर्यंत आली असती, तर? गावाच्या राखणीत तुमच्या सुनेचा वाटा होता. ती परत आली तेव्हा तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं असतंत, तर त्याहून मोठा नैवेद्य दुसरा नव्हता.

शहरातल्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, यात आमचं काय? आहे ना! वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी विकत आणून ताटलीत पूजता, ती कुठल्या तरी झाडावरून ओरबाडलेली असते. वडापर्यंत चालत जा. जमत नसेल तर पाटावर वडाचं चित्र काढून पूजा करा. होळीला उभं झाड तोडून आणू नका, वाळकी लाकडं आणि गोवऱ्या घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन रायगडला जाल, तेव्हा गवतात चूल मांडू नका, मुलांच्या बाबांना विडी-सिगरेट पेटवू देऊ नका. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. डोंगरावर धूर दिसला, तर वनखात्याचा 1926 हा फुकट क्रमांक फिरवा. पाचाडला थांबाल तेव्हा जिजाबाईंच्या समाधीला हात जोडा. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, 17 जूनला, त्या माउलीनं याच गावात डोळे मिटले. तिथून वर बघितलंत, तर उतारावर झाडलेला एखादा पट्टा दिसेल. तो कुणीतरी उन्हात कंबर वाकवून काढलेला आहे.

तर पाचाडच्या भगिनी, काम सोडायचं की नाही, ते पैशाचा, तब्येतीचा आणि मुलांच्या अभ्यासाचा विचार करून ठरव. त्यातलं काही आडवं येत असेल तर खुशाल सोड. पण देव रागावेल या भीतीनं मात्र सोडू नकोस. यंदाच्या होळीला निघायची वेळ आली, तर पुरणाचं पातेलं सासूबाईंच्या स्वाधीन कर, पाण्याची बाटली भर आणि जा. शिमगा कसा झाला, ते सवडीनं कळव.