मुक्त ज्ञानाची राखण
विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी आवृत्ती २००३ मध्ये. त्यावरील लेख स्वयंसेवक विनामोबदला लिहितात. मुक्त परवान्यामुळे हा मजकूर श्रेय देऊन, त्याच अटींवर कोणालाही वापरता येतो. प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या इतिहासात राहते. म्हणून खोडसाळ फेरफार लगेच उलटवता येतात आणि वारंवार उपद्रव होणारी पाने काही काळ सुरक्षित केली जातात. मजकुरापेक्षा लिहिणाऱ्याचे रक्षण अवघड असते. टोपणनावाने लिहिण्याची मुभा ही त्याची पहिली ढाल. दुसरी ढाल न्यायालयाची. तुर्कस्तानने एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडियावर घातलेली बंदी तेथील घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२० मध्ये उठली. भारतात विकिपीडियावरील एक पान हटवण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला.