साठ दिवसांची मुदत

नोकरी गेली की पगार थांबतो, हे जगभर सारखेच. परंतु एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या भारतीयाचा तेथे राहण्याचा अधिकारच नोकरीबरोबर जातो, याची झळ पुण्या-डोंबिवलीतील कित्येक घरांना २०२२-२३ च्या नोकरकपातीत लागली. व्हिसा कर्मचाऱ्याच्या नावाचा असला, तरी त्याचा प्राण कंपनीने दाखल केलेल्या अर्जात असतो. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. वास्तव्याची नोंदलेली तारीख त्याआधीच उलटत असेल, तर तेवढीही नाही. ही सवलतसुद्धा जानेवारी २०१७ पासूनची.

तेवढ्या अवधीत दुसऱ्या कंपनीकडून अर्ज दाखल व्हावा लागतो, अन्यथा गाशा गुंडाळायचा. घराचे हप्ते, मुलांची अर्ध्यावर आलेली शाळा यांचे काय, याला कायद्यात उत्तर नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर रोखलेला असल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. एकाच घरात तेथे जन्मलेले धाकटे भावंड अमेरिकी नागरिक, तर येथून नेलेले थोरले एकविसाव्या वर्षी आश्रित म्हणूनही अपात्र ठरू शकते. मुदतीआधी कामावरून काढल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. कुटुंबाचा मात्र नाही! कायद्याची माणुसकी एका तिकिटापुरतीच. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क घोषित झाले. परतलेल्याला पुन्हा जाणे किती दुरापास्त होऊ शकते, हे त्यातून दिसले.

इकडचे नातेवाईक ‘कायमचा आलास की काय?’ असे विचारून मोकळे होतात. गुणवत्तेने गेलेला माणूस दुसऱ्याच्या मंदीमुळे परतला, तर त्याने खाली मान का घालावी?

प्रश्न दिल्लीलाही विचारायला हवा. अमेरिकेतील वेतनातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारणतः दहा वर्षांच्या नोकरीनंतर. आठव्या वर्षी परतावे लागलेल्याचे ते पैसे बुडीत खाती. जर्मनी, जपान, कॅनडा यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार झाले. अमेरिकेशी चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. व्यापाराच्या वाटाघाटींत शेतमाल आणि आयातशुल्क यांच्या जोडीने हा विषय पहिल्या पानावर ठेवण्यास कोणाची आडकाठी आहे?