आजोबांचं आकाश, माझा लॅपटॉप

ऑफिसमधून सुटल्यावर कधी वर बघितलंय? पुण्यात दिव्यांच्या झगमगाटात मोजके तारे दिसतात. त्यावर माझा उतारा म्हणजे 'स्टेलेरियम'. कॉम्प्युटरवर चक्क फुकट! ठिकाण निवडा, 'ए' दाबा. वातावरण गायब, भरदुपारीही तारे!

परवा सहज तारीख मागे नेली. डिसेंबर 2005, रात्रीचे नऊ, कोकणातलं आमचं अंगण. डोक्यावर तांबूस मंगळ, पूर्वेला मृग, खाली नुकताच उगवलेला व्याध. आजोबा बोटाने दाखवायचे, तेच! आजोबा आता नाहीत. आकाश मात्र मंगळासकट जसंच्या तसं सापडलं.

पण स्क्रीनवरच थांबू नका हं. या शनिवारी शहराबाहेर पडा. नाइट मोडने स्क्रीन लाल करा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत. सोबत घरातलं एखादं लहान मूल न्या. बोट आता तुमचं!