गुण मुलांचे, हिशेब मालमत्तेचा

सार्वजनिक शाळेतील मुले परीक्षेत मागे पडली की सत्ताधारी वर्गाचे उत्तर तयार असते: शिक्षक कामचुकार, पालक अडाणी आणि मुले मंद. समान संधीचा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेतही याहून निराळे उत्तर दिले जात नाही. परंतु त्याच देशाच्या टेक्सास राज्यातील बेक्सर काउंटीचा इतिहास या उत्तराचे पितळ उघडे पाडतो. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

१६ मे १९६८ रोजी सॅन अँटोनिओ येथील एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. शाळेच्या इमारती धड कराव्यात आणि पात्र शिक्षक नेमावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एजवुड ही मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची वस्ती. तेथील शाळा-जिल्ह्यात सुमारे २२,००० मुले शिकत आणि त्यांतील ९० टक्के याच समाजाची होती. जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत होते. मुलांच्या या लढ्याने पालक जागे झाले. लष्करी विमानतळावर पत्र्याचे काम करणारे कामगार डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि त्यांच्या सहकारी पालकांनी त्याच वर्षी न्यायालयात दावा दाखल केला.

त्या दाव्यातील आकडे कोणत्याही प्रवचनापेक्षा बोलके आहेत. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक घरे-जमिनींवरील करातून उभा राहतो. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची, तर त्याच काउंटीतील धनिकांच्या अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवुडच्या कष्टकऱ्यांनी दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरला, तर अलामो हाइट्सच्या श्रीमंतांनी केवळ ८५ सेंट. तरीही १९६७-६८ साली राज्याच्या निधीतील वाटा वजा जाता एजवुडच्या हाती दर मुलामागे २६ डॉलर राहिले आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३! राज्य आणि केंद्र सरकारची मदत मिळवूनही ही तफावत ३५६ विरुद्ध ५९४ अशी उरली. अधिक दराने कर भरावा गरिबाने आणि अधिक चांगली शाळा मिळावी श्रीमंताला, असा हा न्याय!

१९७१ साली कनिष्ठ संघीय न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. परंतु २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेनुसार मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले. खर्च आणि शिक्षणाचा दर्जा यांचा संबंध तज्ज्ञांमध्ये वादग्रस्त आहे, याचाही आधार घेण्यात आला. हा संबंध खरोखरच इतका संशयास्पद असेल, तर धनिकांच्या वस्तीने आपले जादा डॉलर एजवुडशी वाटून घेण्यास कोणती हरकत होती? न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी या निकालाविरुद्ध परखड भिन्नमतपत्रिका लिहिली.

पालकांनी मात्र हार मानली नाही. १९८४ साली एजवुडने राज्याच्या न्यायालयाचे दार ठोठावले. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अर्थव्यवस्था एकमताने घटनाबाह्य ठरवली, आणि १९९३ साली श्रीमंत शाळा-जिल्ह्यांच्या उत्पन्नाचा काही भाग इतरांकडे वळवणारा कायदा झाला. २१ वर्षांपूर्वी मुलांनी वर्ग सोडला नसता तर हे घडले नसते. मात्र लढा तेथे संपला नाही. २०१६ साली त्याच न्यायालयाने शाळांची अर्थव्यवस्था सदोष असल्याचे मान्य करूनही ती घटनात्मक ठरवली. दरम्यान २००२ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी देशभर दरवर्षीच्या चाचण्या सक्तीच्या करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. म्हणजे मुलाच्या गुणांचे माप घ्यायचे, पण त्याच्या शाळेला काय दिले त्याचे माप घ्यायचे नाही!

आपल्या देशातील परिस्थिती काही बाबतींत वेगळी आहे. १९९३ सालच्या निकालाने आणि २००२ सालच्या घटनादुरुस्तीने येथे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. परंतु कागदावरील हक्काने फळा, खडू आणि शिक्षक आपोआप येत नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची आणि सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळेची शिफारस केली. ती आजही अपुरी आहे. उलट, जी शाळा सामान्यांना परवडतच नाही तिलाच आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात!

म्हणून यापुढे कोणी जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेचा निकाल दाखवून शिक्षकांना आणि मुलांना दोष देऊ लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारला पाहिजे: या मुलांवर तुम्ही खर्च किती केला? गुणपत्रिकेशेजारी हा हिशेब मांडण्यास सरकारला भाग पाडणे, हे प्रत्येक शाखेचे काम आहे.