ओळख निसर्गाची : एकाच डोंगराचा रहिवासी

मृगाचा पाऊस पडला की आपल्या यवतमाळकडे शेतातल्या डबक्यांत बेडकांचा गलका सुरू होतो. पोरे ओंजळीत बेडूक धरून घरी आणतात आणि आईचा ओरडा खातात. बेडकाच्या गोतावळ्यात एक शेपटीवालाही आहे. त्याचे नाव सॅलामँडर. दिसायला पालीसारखा, पण कातडी बेडकासारखी ओलसर. भारतात तो पूर्व हिमालयाच्या डोंगरांत आढळतो. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे त्याच्यासाठी अभयारण्य राखले आहे.

महाराष्ट्रात सॅलामँडर नाही. मात्र तितकाच दुर्मिळ असा त्याचा एक भाऊबंद आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली गाव आहे. तिथल्या जांभ्या खडकाच्या सड्यावर एक लहानसा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, राहतो. त्याच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली, तेव्हा नावातही वाघ आणला. आंबोलीच्या आसपासचा थोडासा पट्टा सोडला तर जगात तो कुठेच नाही.

पहिल्या पावसात खडकाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते. तेवढ्यात मादी अंडी घालते. पावसाने दडी मारली की पाणी आटते आणि पिल्ले जातात. हे तो पिढ्यान्पिढ्या सोसत आला. पण आता पावसाळी सहलीच्या गाड्यांखालीही तो चिरडला जातो. आपल्याकडचा बेडूक एक डबके गेले तर दुसरे शोधील. याला दुसरा डोंगर नाही. म्हणूनच जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला आहे.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. बेडकाची जात कातडीनेही श्वास घेते, पाणीही कातडीनेच शोषते. पाण्यात मिसळलेले फवारणीचे औषध सरळ तिच्या अंगात जाते. माणसाची कातडी जाड खरी, पण तीही सगळे विष अडवीत नाही. २०१७ साली कपाशी फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ती घरे आपल्याच शेजारची होती.

म्हणून फवारताना नाकतोंड आणि अंग झाका. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करूनच लेकराला जवळ घ्या. पंप नाल्यात किंवा डबक्यात धुऊ नका. बांधावरचा बेडूक फुकटात किडे खातो. तो गप्प झाला, तर त्या पाण्याकडे एकदा नीट पाहा.